गुळाचं पाणी

“आई, हो गं एकदाची बाजूला!”

नोएमीने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता ओरडून सांगितलं, आणि तिची आई एर्सिलिया हातात झाडू घेऊन बरोब्बर कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. परसातल्या वळचणीला साखरपाण्याची लाल बाटली टांगलेली होती. तिच्याशी आत्ता कुठे एक हमिंगबर्ड घुटमळत होता, तो भुर्रकन उडाला. फोटोत आला तो झाडू आणि आईचा एप्रन.

“अगं, तुझ्या बापाला विचारायला आले, झोप लागली का म्हणून.”

“ते बाबा नाहीत गं! पाखरू आहे ते!”

“हळू बोल. ऐकतोय तो. आणि ती तोफ काढ त्याच्या तोंडासमोरनं. फोटो काढलेला त्याला कधी आवडलाय?”

नोएमीने कपाळावर हात मारून घेतला. बाबा, म्हणजे उबाल्दो, गेल्यापासून सालामिना गावातल्या या डोंगरउतारावरच्या घरात हे असंच चाललं होतं. गेलेलं माणूस हमिंगबर्ड होऊन घरी फेरी मारतं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. लहानपणी नोएमीही पाखरांना हात करायचीच की. पण म्हणून कुणी घर धरून बसतं? मागच्या महिन्यात आई परसाच्या पायऱ्यांवरून घसरली आणि दुपारभर तिथेच पडून राहिली. कोंबड्या उपाशीपोटी कोकलायला लागल्या तेव्हा कुठे शेजारीण डोकावली. उद्या पुन्हा पडली म्हणजे? मानिसालेस शहरात नोएमीच्या फ्लॅटमध्ये खोली तयार होती. सामान न्यायला सोमवारी सकाळी जीप येणार होती. आणि आईचं आपलं एकच पालुपद, “दार बंद बघून तो परत जाईल गं.”

हट्टीपणा म्हणजे किती! नोएमीचा धाकटा भाऊ लिबार्दो ट्रकसकट दरीत गेला, त्याला कितीतरी वर्षं झाली. आईने तेव्हापासून त्याचं नाव म्हणून घेतलं नव्हतं. दुसऱ्या कुणी घेतलं तर ती उठून चालायला लागायची. नोएमीनेही मग ते नाव गिळून टाकलं होतं.

शेवटी तिने गावच्या शाळेतल्या एका मास्तरांकडून हा लांब भिंगाचा कॅमेरा मागून आणला होता. येणारं पाखरू एक नाही, वेगवेगळी आहेत, हे आईला फोटोतच दाखवायचं. डोळ्यांनी बघितल्यावर तरी मानेल की नाही?

पण पाखरं येतील तर ना! शनिवार अख्खा पाण्यात गेला. बाटलीला मुंग्या लागल्या, मधमाश्या लागल्या, हमिंगबर्ड मात्र जवळ येऊन तोंड फिरवून जात होते. रविवारी सकाळी नोएमीने वैतागून बाटली खाली काढली आणि नाकाशी नेली. आतलं पाणी तपकिरी होतं आणि आंबूस वास मारत होतं.

“आई! यात काय घातलंस?”

“गुळाचं पाणी.”

“मी साखर विरघळवून भरली होती!”

“ओतली मी मोरीत. जन्मभर गुळाच्या पाण्याशिवाय ज्याची सकाळ झाली नाही, त्याला पांढरी साखर देऊ? परका पाहुणा आहे तो?”

“गूळ आंबतो गं बाई! जिभेला बुरशी धरते त्यांच्या. मरतात!”

“तुझा बाप गुळावरच ऐंशी वर्षं जगला.”

आता या बाईपुढे डोकं आपटायचं तरी किती? नोएमीने बाटली खसाखसा घासली, साखर भरली, आईला स्वयंपाकघरात मक्याचे आरेपा थापायला बसवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. आईला कोंडणाऱ्या लेकीच्या पापांची सगळी उजळणी आतून ऐकू येत होती. पण दुपारपर्यंत फोटो मिळाले, आणि एकेक पीस मोजावं असे मिळाले.

सोमवारी, जीप यायच्या आधी, तिने आईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला.

“बघ. याच्या कानाशी जांभळं आहे. ही मादी, हिचं पोट करडं. आणि हा तिसरा, शेपटीचं पीस तुटलेला. तीन वेगळी पाखरं आहेत आई. कळलं आता?”

आईने फोटो पुन्हा पुन्हा पाहिले.

“हो गं, तीन आहेत की,” ती म्हणाली. नोएमीला हायसं वाटलं.

“हे तुझे बाबा,” आईने जांभळ्या कानावर बोट ठेवलं. “ही माझी आई. बघ कशी अंग चोरून पितेय, जेवायलाही अशीच बसायची.”

“अरे देवा! आई, तुझं मी काय करू?”

पण आईचं बोट तिसऱ्यावर अडकलं होतं. “या भांडखोराने शेपटी कुठे तोडून घेतली?”

“मारामारीत, आणखी कुठे! बाटलीजवळ कुणाला फिरकू देत नाही. साखर भरल्यावरच आला हा, त्याआधी दिसलासुद्धा नव्हता.”

आईने कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला. मग म्हणाली, “लिबार्दो.”

इतक्या वर्षांनी ते नाव आईच्या तोंडून आलं होतं.

“त्याला गूळ कधी चालला गं? साखरेच्या कॉफीसाठी शेजारच्यांकडे पळायचा मेला.” आईने चष्मा काढून एप्रनने पुसला, तसाच पुसत राहिली. “आणि मी इथे रोज गुळाचं पाणी लावत बसले. वाटायचं, रागावलाय माझ्यावर, म्हणून येत नाही.”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“साखर कुठंय?” आई उठली.

“खोक्यात. बांधली मी.”

“मग सोड.”

हॉर्न पुन्हा वाजला. “आले, आले! बोंबलू नकोस!” नोएमी खिडकीतून ओरडली, आणि गुडघे टेकून खोक्याची सुतळी सोडायला बसली.