मावशींचे घोटे

चित्रकलेच्या वर्गात मावशींचं काम एकच: काही न करणं. खिडकीजवळच्या स्टुलावर दोन तास दगडासारखं बसायचं आणि पंधरा जणांनी त्यांना कागदावर उतरवायचं. "आयतं बसून पैसे मिळतात हिला," जाऊबाई सगळ्यांना सांगत. त्या स्वतः पाच मिनिटं एका जागी टिकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत मावशींचे पाय वळवळू लागले. बसलं की पोटऱ्यांच्या आतून मुंग्या चालल्यासारखं होई. उठून चार पावलं टाकली की थांबे, टेकलं की पुन्हा सुरू. पण फेऱ्या मारणारी मॉडेल कुणाला हवी? एकाने तर चित्रात तीन पाय काढले आणि दिसलं तेच काढलंय म्हणाला.

"मावशी, मन शांत ठेवा," सर म्हणाले.

"मन शांतच आहे. पायांना कळवायचं राहिलंय."

औषधवाल्याने सगळी विद्या पणाला लावून ॲलर्जीची गोळी दिली. वळवळ दुप्पट झाली. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाय तपासले, म्हणजे टेबल तपासलं, आणि म्हणाले, "वय झालं." एवढं निदान जाऊबाई फुकटात करत होत्या.

एप्रिलअखेर सरांनी सगळी चित्रं तारखेप्रमाणे भिंतीवर लावली. जानेवारीत मावशींच्या घोट्याचं हाड टोकदार होतं. मार्चमध्ये बोथट झालं. एप्रिलमध्ये घोटाच नाही, पाय थेट चपलेत ओतलेला. सर एका विद्यार्थिनीला झापत होते, "घोटा खाल्लास?"

"दिसलाच नाही, सर."

मावशींनी वाकून स्वतःचे पाय बघितले. मुलगी खरं बोलत होती.

सहा चित्रांची गुंडाळी घेऊन त्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं पाहिली, मग नडगीवर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. रक्त-लघवीचे रिपोर्ट आले तेव्हा त्या म्हणाल्या, "किडन्या निम्म्याहून कमी चालताहेत. रक्तात लोहही फार कमी आहे."

"अहो, तक्रार पायांची आहे."

"किडनी तक्रार करत नाही, मावशी. ती बिघडली की पुष्कळांच्या पायांना अशी वळवळ लागते, लोह कमी असेल तर जास्तच. आणि ती ॲलर्जीची गोळी आजपासून बंद. तिने हे वाढतं."

मावशी गुंडाळीचा दोरा बोटाला गुंडाळत बसल्या. मग उठल्या, कारण पाय बसू देईनात.

लोहाची इंजेक्शनं झाली, रक्तदाबाची गोळी लागली, मीठ सुटलं. दोन महिन्यांत पाय बरेच निवले. किडन्या गेल्या तेवढ्या गेल्या. उरलं ते सांभाळायचं होतं.

दरम्यान स्टुलावर सरांचे मेहुणे बसत. पहिल्याच दिवशी ते घोरले होते. मावशी परतल्या त्या अट घेऊनच: दर पंधरा मिनिटांनी उठणार.

"कलेला शिस्त लागते, मावशी."

"मग मेहुण्यांनाच बोलवा."

सरांनी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावला.