धुण्याच्या दगडावरची मेणबत्ती

पावलीनबायनं मार्तंडराव सबनिसांच्या मोरीबाहेर फतकल मारली, धुणं धुवायच्या दगडावर झेंडूची माळ पसरली आणि मेणबत्ती पेटवली. समोर ओटीवर पाहुणे पोह्यांच्या बशा घेऊन बसले होते. मार्तंडरावांच्या मुलीला, पद्मजाला बघायला दादरहून मुलाची आई आणि मामा आले होते. म्हातारीनं नेमकी हीच वेळ गाठली होती.

"हे काय चाललंय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"गावातली म्हातारी आहे," मार्तंडराव म्हणाले. "जरा भ्रमिष्ट आहे. तुम्ही पोहे घ्या ना."

"आज आमचा मेलेल्यांचा दिवस, बाई," पावलीन गोड आवाजात म्हणाली. "थडग्यावर मेणबत्ती लावायची. थडगं इथं आलं, म्हणून मीपण आले."

मरोळच्या पडक्या चर्चमागं झाडीत बुडालेलं जुनं कब्रस्तान होतं. पावसाच्या तोंडावर मार्तंडरावांनी तिथून हा सपाट दगड धोंडू गड्याकरवी उचलून आणला होता. शंभर वर्षांत तिथं कुणाला पुरलं नाही, म्हणजे ते कुणाचंच नाही, अशी त्यांची समजूत. पावलीन तो परत मागायला तीनदा दारात आली. तिन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं, "त्यावर तुमचं नाव आहे का?" तिसऱ्या वेळी तर तिच्यादेखत त्यांनी दगडावर ओलं धोतर आपटलं होतं.

"थडगं? कुणाचं?" मामांनी बशी खाली ठेवली.

"कप्तान दुमिंगचं. सात गलबतं बुडवली नि आठव्यावर बसून जेवला. वाघाच्या शेपटीचा दोर करून विहिरीचं पाणी काढायचा. मेला तेव्हा उचलायला चौदा माणसं लागली, तरी भरदुपारी उठून जेवायला घरी आला. एकच खोड, बाई. ओलं कापड अंगाला लागलेलं त्याला खपत नाही. या घरात सारखी सर्दी होते का कुणाला?"

मुलाच्या आईनं पद्मजाकडे बघितलं. पद्मजा नेमकी शिंकली.

"अहो, खाणीतला दगड आहे तो," मार्तंडराव म्हणाले.

"मग उलटा करून बघू की," मामा म्हणाले.

मागं कुंपण घालणारा धोंडू पहार घेऊन आला. मालकाकडे न बघता त्यानं दगड उलथला. साबणाच्या चिखलाखालून एक कवटी निघाली, दोन आडवी हाडं, आणि कुणालाच वाचता न येणारी अक्षरं.

पोहे बशीतच राहिले.

"झालं समाधान?" पाहुणे गेल्यावर मार्तंडराव दातओठ खात म्हणाले.

"नाही अजून. दगड जागेवर ठेवा."

तासाभरात बैलगाडी निघाली. नको म्हटलं तरी पद्मजाही चढून बसली. चर्चमागं गवत कमरेइतकं वाढलं होतं.

"कुठं ठेवू, बाय?" धोंडूनं विचारलं.

"तू उचललास तिथं."

धोंडूनं डोकं खाजवलं. "इथंच कुठंतरी होता. नाहीतर त्या चिंचेकडं."

पावलीन काठीनं गवत बाजूला सारत चिंचेपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग वाकून हातानं माती चाचपू लागली.

"ठेवा हो कुठंही," मार्तंडराव म्हणाले. "तुमच्या कप्तानाला काय फरक पडतो?"

"कसला कप्तान नि बिप्तान. ती अक्षरं मला तरी कुठं वाचता येतात?"

"मग तुमचं कोण होतं, आजी?" पद्मजानं विचारलं.

"पोर. एका दिवसाची. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेली, म्हणून नव्या कब्रस्तानात घेतली नाही. मी नि नवऱ्यानं इथं आणली, या दगडाच्या पायथ्याशी. दगड कुणाचा का असेना, खूण होती."

मार्तंडरावांनी टोपी काढली. ती हातात धरून ते गवताकडे बघत राहिले.

"आता काय करायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"धोंडू, दगड गाडीतच राहू दे," पावलीन म्हणाली. "यांच्या दारात नेऊन बसव. कवटी वर करून. मला मेणबत्ती लावायला कुठंतरी जागा पाहिजे ना."

मार्तंडरावांनी तोंड उघडलं. पद्मजानं त्यांच्याकडे बघितलं, तसं ते मिटलं.

"चहा घ्याल ना, आजी?" तिनं म्हातारीला गाडीत हात देत विचारलं.

"घेईन की. दर वर्षी घेईन," पावलीन दगडाशेजारी टेकत म्हणाली. "साखर जरा कमी घाल गो."