सासूबाईंची जागा

सासूबाईंना केबिनमध्ये मळमळायचं, म्हणून त्या मुलाच्या शिडाच्या बोटीवर यायलाच तयार नव्हत्या. मोकळी हवा होती ती बोटीच्या मागच्या टोकाला, पण तिथे डिझेलचे कॅन, दोर आणि जादा नांगर यांचीच दाटी.

"मोठी बोट घेऊ या," मुलगा बायकोला म्हणाला.

"अंथरूण पाहून पाय पसरा," म्हणत तिने सगळं सामान धक्क्यावर काढलं. नांगर कठड्याला बाहेरून बांधला, दोर पिशव्यांत टांगले. कॅनसाठी दोघांनी लाकडी पेटी ठोकली आणि झाकणावर गादी बसवली.

सासूबाई बिचकतच बोटीवर आल्या आणि त्या गादीवर टेकल्या. बोट निघाली, शिडात वारा भरला, तरी त्यांना मळमळलं नाही.

"आई, परत फिरू या?" थोड्या वेळाने मुलाने विचारलं.

"एवढी घाई कसली?" म्हणत त्या सुनेसाठी जरा सरकून बसल्या.