कोड पुसण्यापूर्वी

दोष दाखवणाऱ्याचे तोंड बंद केल्याने दोष नाहीसा होत नाही; केवळ आपले कर्तव्य काही काळ दृष्टीआड होते. परंतु समोर गरजवंत उभा असेल आणि त्याची वेळ टळत असेल, तेव्हा हे सत्य पाळणे निर्दयपणासारखे भासते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कासारवाडीच्या एका गॅरेजात मैत्री नावाच्या मेकॅनिक तरुणीपुढे हाच प्रसंग उभा राहिला.

चऱ्होलीचे ज्योतीराम पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या आपल्या हायब्रीड गाडीतून चाकणच्या एका कारखान्यातील मुलींना दुसऱ्या शिफ्टनंतर घरी सोडत. गाडीची जीर्ण बॅटरी काढून मैत्रीने नुकतीच नवी बसवली होती. आज सकाळी मात्र समोरच्या पट्टीवर इशाऱ्याचा दिवा पेटला. रात्री गाडी गेटवर नसेल, तर ते काम दुसऱ्याकडे जाणार होते.

मैत्रीने स्कॅनर जोडला; गाडीने नोंदवून ठेवलेला दोषाचा कोड पडद्यावर उमटला. बॅटरीच्या सर्व कप्प्यांचा विद्युतदाब समान होता. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. तरीही तापमान चढतच होते. नाडी सम, आणि अंगात ज्वर!

"नवा मालच खराब आलाय," गॅरेजमालक नवनाथ म्हणाला. "कोड पूस, दिवा विझेल. भाऊंचा आजचा दिवस निघू दे. बॅटरी उद्या परत पाठवू."

"पुसा की, ताई," ज्योतीराम काकुळतीने म्हणाले. "पोरी गेटवर ताटकळतील."

"म्हणूनच पुसत नाही, भाऊ. दिवा विझेल, पण ताप कुठं जाईल? रात्री गाडी हायवेवर बंद पडली, तर पोरींना तिथंच उतरवणार का?"

"मग डॉक्टरीणबाई, निदान जरा लवकर करा," नवनाथ पुटपुटला. "पेशंटला ड्युटी आहे."

मैत्री हसली नाही. तिची नजर आकड्यांवर खिळली होती. पंखा फिरतो आहे, पण हवा पोचत नाही. बॅटरी खराब असती, तर एखादा तरी कप्पा दुबळा दिसला असता.

"काल गाडीत काय केलं होतं, भाऊ?"

"काही नाही. पूजा केली फक्त."

"फक्त?" त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या पत्नी कुसुमताई उसळल्या. "सगळं यथासांग केलं! तूच सांगितलं व्हतंस ना पोरी, नवी बॅटरी मागच्या सीटमागं हाय म्हणून? मग पूजा तितंच नको? बॉनेटवर हार घालून तिला काय पोचणार व्हय?"

मैत्री मागचे दार उघडून वाकली. सीटच्या कडेला एक लहान जाळी असते. बॅटरी थंड ठेवणारी हवा तिच्यातूनच आत जाते. तिने गाडी बंद करून ती जाळी काढली. आतल्या गाळणीवर झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता हळदीच्या पाण्याने घट्ट चिकटून बसल्या होत्या.

"अगं बया!" कुसुमताईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजे पूजा करून आमी तिचं नाकच दाबलं की!"

"चूक माझीही आहे, ताई. तिची जागा दाखवली, नाक दाखवलं नाही."

तिने गाळणी स्वच्छ करून कोरडी केली आणि पुन्हा बसवली.

"आता तरी पूस," नवनाथ म्हणाला.

"आधी गाडीला चढ चढू द्या."

ज्योतीराम गाडी चालवायला बसले, मैत्री शेजारी स्कॅनर घेऊन, आणि नवनाथ, त्याच्याच शब्दांत, 'वजनाच्या पोत्याच्या जागी' मागे. नाशिक फाट्याचा पूल गाडीने पुनःपुन्हा चढला. तापमान थोडे वाढले, थबकले आणि शांतपणे उतरू लागले. परत आल्यावरच तिने कोड पुसला. दिवा विझला, आणि पुन्हा पेटला नाही.

कुसुमताईंनी त्या पाकळ्या कचऱ्यात जाऊ दिल्या नाहीत. पदरात गोळा करून त्यांनी त्या गॅरेजमागच्या कडुनिंबाच्या मुळाशी ठेवल्या. ज्योतीरामांनी चाकणची वाट धरली.

ज्यांनी अजाणता वाट अडवली, त्यांची श्रद्धा अभंग राहो. जिने साक्ष पुसण्याआधी ऐकून घेतली, तिचा हात सदैव स्थिर राहो. आणि आज त्या गाडीतून घरी निघालेल्या लेकींना त्यांचा उंबरा सुखरूप भेटो.