ओढून पाहिलेली गाठ

मालकांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा साचा आहे. दोरखंडाच्या गठ्ठ्यावर मला ठेवायचे, वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, की आमच्या दोरखंडाच्या कंपनीचे चिन्ह उमटते: एकमेकांत अडकलेल्या दोन दोरांची गाठ.

मला कापले नव्या जावयाने. तो पाट्या रंगवायचा. त्याने आधी सिंह काढून आणला होता.

"जावईबापू, सिंह छान आहे," मालक म्हणाले. "पण तो दोराचं काय करणार, चावणार?"

मग त्याने गाठ काढली. मालकांनी चित्र पाहून तशीच गाठ बांधली, एक टोक लेकीच्या हाती दिले आणि ओढले. गाठ सुटली नाही. चिन्ह पसंत झाले.

मी खूप राबलो. वाचता न येणारेही दुकानात म्हणत, "गाठीवालाच दोर द्या." उंच इमारती रंगवणारे त्याच दोरावर लोंबकळत. माझी छाती फुगे.

पण वाळलेला रंग खरवडताना एकदा माझी एक बारीक पट्टी तुटली. कोणता दोर वरून जातो आणि कोणता खालून, हे त्या पट्टीमुळेच कळायचे. आता तिथे नुसता काळा डाग उमटू लागला. कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्या मात्र आले. मला पाहून कोणी गाठ बांधली तर? वर टांगलेल्या माणसाचे काय?

पुढे नवे चिन्ह करायचे ठरले. मालकांची नात, त्याच लेकीची मुलगी, ते काम शिकून आली होती. गठ्ठ्यावरचा माझा ठसा पाहून तिने गाठ नव्याने काढली. रेषा सुरेख, दोन्ही बाजू सारख्या. म्हाताऱ्या मालकांना आता आधाराशिवाय उठवत नसे. तिने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. समोरच्या खिळ्यावर माझा जीव टांगणीला लागला होता.

"आजोबा, चांगलं झालंय ना?"

"दिसायला झकास. बांधून दाखव."

"अहो, चिन्ह आहे ते! ते कोण ओढणार आहे?"

"मी."

तिने बांधली. दोघांनी ओढताच गाठ सरकली आणि नात धपकन खाली बसली.

"पण मी होतं तसंच काढलंय!" ती रडवेली झाली.

"मग जे होतं ते आण इकडे."

मला खिळ्यावरून उतरवून रॉकेलच्या फडक्याने पुसले. मालकांचा अंगठा माझ्या कडांवरून फिरत तुटक्या जागी थांबला. वाटले, आता भंगारात!

"अगं, पट्टीच तुटलीय याची," ते म्हणाले. "कधीपासून बिचारा असाच छापतोय, आणि आम्ही डोळे असून आंधळे."

नातीने आपल्या चित्रात त्या जागी खालून जाणारा दोर नीट दाखवला. गाठ पुन्हा बांधली.

"आता या गाठीच्या आधाराने मला उभं कर." मालकांनी दोराचे एक टोक धरले.

"नको, आजोबा. सुटली तर पडाल."

"न सुटणारी काढलीस ना? ओढ मग."

तिने दुसरे टोक भीतभीत ओढले. गाठ घट्ट आवळली. मालक खुर्चीतून उठले, डगमगले, उभे राहिले.

"आता चांगलं झालंय," ते म्हणाले.

मित्रांनो, रोज हाताखालून जाणाऱ्या जुन्या वस्तूंकडे अधूनमधून थांबून पाहत जा. कुठे मोडले, हे आम्हाला सांगता येत नाही.

नव्या चिन्हाचा पहिला गठ्ठा बुधवारी कारखान्याबाहेर पडला. गुरुवारी सकाळी मालक वारले.