तिरपी मान

"ढकलू नकोस गं, तेस्सा. मरियामाता काही पळून जात नाही," भटारीण नूता म्हणाली आणि स्वतःच पुढच्या दोघांना कोपराने बाजूला सारून पुढे घुसली.

घंटा, कर्णे, नगारे. सिएनाच्या त्या अरुंद गल्लीत आवाजालाही मावायला जागा उरली नव्हती. मास्तर बिंदोंच्या चित्रशाळेतून निघालेले वेदीचे भव्य चित्र माणसांच्या खांद्यांवरून डुलत महामंदिराकडे चालले होते. त्याच्या सोन्यावर ऊन आदळे आणि घरांच्या भिंती क्षणभर पेटून उठत. तेस्सा टाचा उंचावून बघत होती. चित्राच्या लाकडी फळीच्या पोटात तिचा सरस होता, बकरीच्या कातड्यांपासून तिने मंद आचेवर कढवलेला. आणि उजव्या कोपऱ्यात, संतांच्या मागच्या रांगेत, तिचा मुलगा होता.

वान्नी चित्रशाळेत रंग घोटायचा. मास्तरांनी एका तरुण संताला त्याचा चेहरा दिला. पुढे दंगलीत तो हरलेल्या पक्षाबरोबर दिसला आणि हद्दपार झाला. मग रिवाजाप्रमाणे नगरसभेचे फर्मान निघाले: गद्दाराचे चित्र सभागृहाच्या भिंतीवर काढावे, पायांनी उलटे टांगलेले, गावाला थुंकता यावे म्हणून. काम मास्तरांकडेच आले. घाईत त्यांनी संतासाठी केलेला जुनाच टोचलेला खाका बाहेर काढला, भिंतीवर उलटा धरला आणि भोकांवरून कोळशाची पूड थापटून तोच चेहरा उमटवला. तेस्सा शेजारीच सरस ढवळत होती. गावात एकच चेहरा आता दोन ठिकाणी होता. कुणी ओळखला, तर वेदीवरचा खरवडला जाणार होता.

त्या दिवसापासून ती विहिरीवर लांबच्या वाटेने जाई.

महामंदिराच्या दाराशी चित्र जरा टेकवले. सभागृहाच्या भिंतीखाली रोज पहारा देणारा गीनो आज इथे गर्दी आवरत होता. तो चित्राच्या उजव्या कोपऱ्यापाशी थबकला.

"हा कोण?"

"संत आहे," तेस्सा म्हणाली.

"संत तर सगळेच आहेत, मावशी. याला मी रोज बघतो असं वाटतंय."

"रोज? तू प्रार्थनेला कधीपासून यायला लागलास रे?" नूताने टोमणा मारला. माणसे खदखदून हसली.

गीनो हसला नाही. त्याने मान तिरपी केली. आणखी तिरपी केली. कान खांद्याला टेकत आला, आणि त्याचे डोळे स्थिर झाले.

मग त्याने तेस्साकडे पाहिले. तिच्या मुठीतली मेणबत्ती कलली होती. वितळलेले मेण बोटांवरून ओघळत होते आणि तिला त्याचे भान नव्हते.

गीनोने मान सरळ केली.

"मान अवघडलीय," तो म्हणाला, "भिंतीकडे बघून बघून." आणि वळून ओरडला, "उचला रे. मातेला उन्हात किती ताटकळत ठेवणार?"

आत सगळ्यांनी मातेच्या चरणांशी मेणबत्त्यांची दाटी केली. तेस्साने आपली चित्राच्या उजव्या कोपऱ्याखाली लावली.

"तिथे कुणाच्या नजरेला पडणार आहे ती?" नूता कुरकुरली.

"असू दे गं."

परतताना ती जवळच्या वाटेने आली. सभागृहाची भिंत उन्हात तापली होती. वाळलेल्या थुंकीच्या डागांनी वान्नीच्या कपाळावर खपली धरली होती. तेस्साने डोईचे फडके आवळले. हळूहळू मान कलवली, कान खांद्याला टेकेपर्यंत, कंबर वाकेपर्यंत, वान्नी सरळ उभा राहीपर्यंत.

पहाऱ्यावर परतलेला गीनो तिच्याकडे पाठ करून चौकातली कबुतरे बघत राहिला.