धाकटीच्या वाट्याचं तेल

फोन आला तेव्हा थोरली एका अकरा फुटी पडद्याची खालची दुमड शिवत होती. पडदे शिवायच्या त्या कारखान्यात कामाच्या वेळी फोन घेतलेला मालकिणीला खपत नसे. पण आरोग्य केंद्राचा नंबर दिसला आणि थोरलीनं मशीनवरचा पाय काढला.

"गुरुवारी तुमची वार्षिक तपासणी आहे," पलीकडून केंद्रातली वहीवाली बोलत होती. "तुमच्या जाऊबाईंचीही आहे. दोघी जरा अर्धा तास आधी याल का? मागच्या वेळच्या रक्ताबद्दल थोडं विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"या ना, समोरासमोर बोलू."

'बरं' म्हणून तिनं फोन ठेवला आणि पुन्हा मशीन सुरू केलं. चांगली हातभर शिवण पडल्यावर तिच्या लक्षात आलं, अस्तर उलटं लागलंय. ती उसवायला बसली. टाके उसवता उसवता डोक्यात एकच घोळत होतं. गुरुवार. धाकटीच्या गाठीचा निकालही गुरुवारीच यायचा होता.

या दोघी सख्ख्या जावा. घर एकच, थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खालच्या. थोरलीचा नवरा मालाच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. त्यामुळे दोघींना एकमेकींचाच आधार, आणि भांडायलाही एकमेकीच. धाकटी पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसायची. तिच्या अंगाला कायम क्लोरीनचा वास यायचा. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, "माझं सेंट आहे ते. एकदा लावलं की रिटायर होईपर्यंत टिकतं."

चार वर्षांपूर्वी केंद्रानं एक मोठा अभ्यास सुरू केला. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं जसं खातात तसं खाल्लं तर कॅन्सर कमी होतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी पन्नाशी ओलांडलेल्या बायका हव्या होत्या. बायकांचे दोन गट पाडायचे, तेही चिठ्ठी टाकून. एका गटाला दर आठवड्याला ऑलिव्ह तेलाची बाटली आणि अक्रोडांचं पाकीट फुकट. त्यांनी भाज्या, कडधान्यं, मासे भरपूर खायचे. मांस, लोणी, गोड कमी करायचं. दुसऱ्या गटाला फक्त एक माहितीपत्रक, स्निग्ध पदार्थ कमी खा म्हणून. प्रत्येकीनं महिन्यातला एक आठवडा काय खाल्लं ते वहीत लिहायचं. वर्षातून एकदा वजन, रक्तदाब अशी तपासणी, आणि गेली दोन वर्षं रक्तही घेत होते. त्या वह्या जी बाई तपासायची तिचं नाव या दोघींनी वहीवाली ठेवलं होतं.

एका घरातली एकच बाई चालणार होती. धाकटीनं अर्जावर ठोकून दिलं, "चुली दोन, म्हणजे घरं दोन."

थोरलीला ते तेल मनापासून हवं होतं. तिची आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली, एकावन्नाव्या वर्षी. तेव्हापासून थोरली आपलं वय आईच्या वयाशी ताडून बघायची. पण चिठ्ठी निघाली ती उलटी. तेल धाकटीला, आणि थोरलीला माहितीपत्रक.

पहिल्याच सोमवारी धाकटी कापडी पिशवी घेऊन जिना चढून वर आली.

"घ्या वहिनी, तुमचं औषध. मी काल काकडीवर घालून बघितलं. गवतावर लोळत जेवल्यासारखं वाटलं."

"अगं, पण ते तुझं आहे."

"माझं काय त्यात? मला बटाटे तळून खाऊ द्या सुखानं."

मग ठरूनच गेलं. वह्या दोघी एकत्र बसून भरायच्या. थोरलीचं जेवण धाकटीच्या वहीत आणि धाकटीचं थोरलीच्या. "माझ्या वहीत मासा लिहा," धाकटी सांगायची, "आणि तुमच्या वहीत माझे सॉसेज. दोनच लिहा. होते चार, पण तुमची अब्रू जायची." हसून हसून दोघींची पुरेवाट व्हायची.

एक गोष्ट मात्र थोरलीनं कधी कुणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या महिन्यात धाकटी जिन्यात थांबून म्हणाली होती, "या वेळची बाटली मी ठेवू म्हणते. जीभ जरा सरावलीय आता." आणि थोरली पटकन बोलून गेली होती, "तुला कशाला गं? तुझ्या माहेरी कुणाला काही नाही. भीती आहे ती मला." धाकटीनं पिशवी पुढे केली. पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, तलावावरच्या न्हाणीघरात अंग धुताना, स्तनातली गाठ लागली ती धाकटीच्या हाताला. सुई घालून तुकडा तपासायला पाठवला होता.

मंगळवारी थोरली खाली जेवायला होती. तिचा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. रेघ सरळ आणि बोलणंही सरळ. खोटं बोललेलं त्याला मुळीच सोसत नसे. तो घास पुढ्यात ठेवून नुसता बसला होता.

"मला एक सांगा वहिनी," तो म्हणाला. "हिनं चार वर्षं सगळं पाळलं. तेल, अक्रोड, सगळं. महिन्याच्या महिन्याला वह्या भरल्या. आणि तुम्हाला नुसता एक कागद दिला त्यांनी. तुम्ही ठणठणीत आणि हिला हे. मग उपयोग काय त्या थेरांचा? मी तर ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं, सोडा म्हटलं ते तेलबिल. आमच्या घरातलं उदाहरण आहे."

धाकटी ताटाकडे बघत राहिली. वर थोरलीच्या कपाटात त्याच आठवड्याची बाटली अर्धी झालेली होती.

तो हात धुवायला उठला तशी धाकटी हलक्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी काही बोलू नका हं. रक्ताचं विचारलं तर म्हणायचं, मी मधूनमधून विसरायचे."

"आणि माझ्या रक्ताचं काय सांगायचं?"

"सांगा काहीही. वहिनी, हात जोडते. यांना कळलं तर चार वर्षांचं खोटं उकरून काढत बसतील. आत्ता मला ते झेपणार नाही."

"बरं," थोरली म्हणाली.

बुधवारचा दिवस तिनं कसाबसा काढला. दोन पडदे आखूड कापले. मालकीण म्हणाली, "बाई, खिडकी काही वर सरकवता येत नाही हो." बाकीच्या बायका हसल्या. थोरलीही हसली. धाकटीचं म्हणणं तिला पटत होतं आणि दिराचं बोलणंही कानातून जात नव्हतं. तिनं ठरवलं, गप्प राहायचं. निदान धाकटीचं दुखणं मार्गी लागेपर्यंत.

गुरुवारी केंद्रात पोचल्या पोचल्या नर्सनं धाकटीला पहिल्या मजल्यावर डॉक्टरांकडे नेलं. तिचा नवरा बरोबर गेला. थोरली तळमजल्यावर वहीवालीच्या खोलीत. खोली इतकी लहान की दार लावायचं तर खुर्ची सरकवावी लागे. टेबलावर दोन फायली शेजारी शेजारी उघड्या होत्या.

"तुम्हाला त्रास देतेय, माफ करा," वहीवाली म्हणाली. "ऑलिव्ह तेल नेमानं खाणाऱ्याच्या तपासणीत त्याची खूण सापडते. जाऊबाईंच्या नमुन्यात ती नाही. तुमच्यात आहे, आणि भरपूर आहे. म्हणजे नमुन्यांची अदलाबदल झालीय, आमच्याकडूनच. प्रयोगशाळेतल्या बाईंनी लेबलं उलटी लावली असणार. वीस वर्षं काम करतायत, पण रक्त घेतलं त्या दोन्ही वर्षी हे झालंय. त्यांना आता या कामावरून काढतायत. तुम्ही फक्त इथे सही करा, की तुम्ही तेल खात नाही. म्हणजे चूक त्यांचीच हे नक्की होईल."

तिनं कागद पुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

थोरलीनं पेन उचललं. सुटका समोर होती, कुणी काही विचारणार नव्हतं. बाहेर व्हरांड्यात एक पांढऱ्या कोटातली बाई रक्ताच्या नळ्यांचा ट्रे छातीशी धरून उभी होती. दाराच्या काचेतून ती आत बघत होती, आणि थोरलीची नजर वळली तशी तिनं मान खाली घातली.

"त्या बाईंनी काही उलटं लावलेलं नाही," थोरली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "आम्ही लावलंय."

तिनं सगळं सांगितलं. वहीवालीनं चष्मा काढला.

"चार वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून वह्या दिल्यात."

"हो."

"आणि मी तुमच्या जाऊबाईंना शाबासकी देत होते. किती नेमानं खाता म्हणून."

थोरलीला वर बघायचं धाडस होईना. मग जे इतके दिवस विचारायचं होतं तेच तिनं विचारलं. "तिचं तेल तिनंच खाल्लं असतं, तर हे झालं नसतं का?"

वहीवालीचा राग तिच्या चेहऱ्यावर होता, पण उत्तर तिनं सांभाळून दिलं. "एका बाईबद्दल हे कुणीच सांगू शकत नाही. असं खाणाऱ्या हजार बायका आणि तसं न खाणाऱ्या हजार, यांच्यात थोडा फरक दिसतो का, एवढंच आम्ही बघतोय. धोका कमी होत असेलही. पण ते तेल म्हणजे चिलखत नाही. ते खाऊनही काहींना होतो, आणि न खाताही बहुतेकींना होत नाही."

"मग आता फायली बदलाल ना? तिचं माझ्यात, माझं तिच्यात?"

"नाही. चिठ्ठीत जे निघालं त्याच गटात दोघींना मोजणार. तसाच नियम आहे. काय घडलं त्याची नोंद मात्र करीन." तिनं लिहायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "तुमच्या आईला होता ना स्तनाचा? तुमची स्तनांची शेवटची तपासणी कधीची?"

थोरलीनं हातातलं पेन कागदावर ठेवलं.

"मी विचारतेय."

"पाच वर्षं झाली. मला वाटलं, तेल खातेय तर…"

वहीवालीनं पुढचं काही ऐकलं नाही. उठून तिनं फोन लावला आणि थोरलीसाठी त्याच दुपारची वेळ मागून घेतली.

बाहेर बाकावर धाकटी बसली होती. नवरा औषधं आणायला बाहेर गेलेला. धाकटीचा चेहरा कोरडा होता.

"आहे," ती म्हणाली. "कॅन्सरच आहे. लहान आहे म्हणतात, वेळेवर सापडला. बाराव्या दिवशी ऑपरेशन."

थोरलीनं तिचा हात धरला. मग म्हणाली, "मी आत सांगून टाकलं. सगळं."

धाकटीनं हात काढून घेतला. "मी वर ते ऐकत होते, आणि तुम्ही खाली हे करत होतात?"

"एका बाईची नोकरी जात होती गं."

"जाऊ दे की! एक दिवस थांबला असतात!" तिचा आवाज चढला तसं व्हरांड्यातल्या दोघातिघांनी वळून बघितलं.

"अजून एक आहे," थोरली म्हणाली. आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "तिसऱ्या महिन्यात तू बाटली ठेवते म्हणाली होतीस. मी तुला…"

"आठवतंय मला," धाकटी म्हणाली. "चार वर्षं आठवतंय. आज नको वहिनी. आज मला माझंच पुरे आहे."

दिराला थोरलीनंच सांगितलं, त्याच संध्याकाळी, धाकटी आतल्या खोलीत पडलेली असताना. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "म्हणजे मी ऑफिसात सगळ्यांना खोटं सांगितलं," आणि उठून बाहेर गेला. पुढचे कित्येक दिवस जिन्यात समोर आली तरी तो मान फिरवून जायचा. थोरलीची स्वतःची तपासणी निघाली साफ. निकाल घेऊन घरी परतताना तिला आनंद व्हायला हवा होता. ती बसस्टॉपवर बसून रडली.

ऑपरेशन नीट पार पडलं. नंतर किरणोपचारांचे पंधरा दिवस ठरले. पांढऱ्या कोटातल्या बाई कामावर राहिल्या. दोघींनाही अभ्यासातून काढलं नाही, फक्त दर महिन्याला आता वहीवाली अचानक घरी येऊन वह्या बघणार होती. तेलाच्या बाटल्या आता खाली धाकटीकडेच राहायच्या. थोरली बाजारातून स्वतःचं तेल आणू लागली, आणि दर वर्षीच्या तपासणीची तारीख भिंतीवर लिहून ठेवली. धाकटीशी बोलणं मात्र दारातल्या दारात, कामापुरतं.

टाके काढायच्या दिवशी सकाळी धाकटी जिना चढून वर आली. अर्ध्यात दम लागला म्हणून कठड्याला टेकली.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"दवाखान्यात. यांना रक्त बघवत नाही. मागच्या वेळी माझ्याऐवजी यांनाच झोपवून ठेवलं होतं तिथल्यांनी." ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळ आली होती. "मी अजून रागावलेय तुमच्यावर. ते वेगळं."

"माहितीय," थोरली म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा धाकटी उठली, दोन पावलं गेली आणि परत फिरली. गळ्यातली साखळी काढून तिनं थोरलीच्या हातात दिली. "मला वेळ लागेल. जाऊ नका कुठे."

"नाही जात," थोरली म्हणाली. धाकटी आत गेली आणि दार लागलं.